अठरा नंबरचा खिळा

आमच्या सहलीचा म्होरक्या डोकी मोजत नसे. कायम लाल टोपी घालून हिंडायचा, म्हणून सगळे त्याला लाल टोपीच म्हणायचे. पहिल्याच दिवशी बसमध्ये उभं राहून त्याने जाहीर केलं, "मंडळी, डोकी मोजण्यात चूक होते. कोणी बुटाची नाडी बांधायला वाकलेलं असतं, कोणी आडोशाला गेलेलं असतं. आपली पद्धत वेगळी. प्रत्येकाने आपला जोडीदार सांभाळायचा. मी 'जोडी?' असं विचारलं की जोडीदाराचा हात धरून वर करायचा आणि ओरडायचं, 'जोडी!' सगळे ओरडले की बस सुटली."

लोकांना गंमत वाटली. साठी उलटलेली माणसं, पण हात वर करताना पहिलीतल्या पोरांसारखी खुसखुसत होती. समोरच्या सीटवर दोघी विहिणी होत्या. एकीचा मुलगा, दुसरीची मुलगी. घरी एकमेकींची तोंडं बघत नसतील, इथे मात्र हातात हात. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. तिथे माझी पिशवी होती. मी पिशवीचा बंद धरला आणि वर केला. दोन-चार जण हसले. मीही हसले. करते काय?

"मावशी, तुम्ही माझ्या जोडीला," लाल टोपी म्हणाला.

"चला," मी म्हटलं, "या वयात का होईना, जोडी जमली एकदाची!"

सगळी बस खो खो हसली. माझं हे असंच आहे, बोलून मोकळी होते. ताई म्हणायची, तुझ्या तोंडाला कुलूप घालायचं तर किल्लीवाल्यालाच घरी ठेवून घ्यावा लागेल.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघींनी लग्न केलं नाही. तिला करायचं नव्हतं आणि मला कोणी विचारलं नाही. हे मी सगळ्यांना सांगते, त्यात लाजायचं काय? आम्ही दोघींनी मिळून पाळणाघर चालवलं. एका बैठ्या घराच्या दोन खोल्या, एका भिंतीला लाकडी खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीवर एकेका पोराचं दप्तर. संध्याकाळी आई-बाप यायचे, दप्तर उतरायचं, पोर जायचं. खुंट्या रिकाम्या झाल्या की आम्ही दाराला कडी लावायचो.

रोज एक तरी मूल शेवटचं राहायचंच. बाकीची गेलेली, याचे बूट घालून झालेले, डोळे दाराकडे. ताईने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, काहीही झालं तरी शेवटच्या पोरासमोर घड्याळाकडे बघायचं नाही. त्याला कळतं. मग आम्ही उगाच भांडी घासलेली पुन्हा घासायचो, त्याला गोष्ट सांगायचो आणि म्हणायचो, "येतेच आहे हं आई. वाटेतच असेल."

गेल्या वर्षी ताई गेली. भांडायला माणूस उरलं नाही, की मग घरात आपलाच आवाज ऐकू येतो, आणि तो किती कर्कश आहे ते कळतं. आमच्या चुलतबहिणीच्या मुलाने या सहलीत माझं नाव घातलं. "मावशी, जंगल बघ, झाडं बघ, जरा माणसांत मिसळ," म्हणाला. मी म्हटलं, अरे, माणसांत मिसळायचं तर जंगलात कशाला पाठवतोस? पण आले.

जंगल सुंदर होतं, त्यात खोट काढणार नाही. आभाळ दिसू नये इतकी उंच झाडं, पायाखाली सुईसारख्या पानांचा गालिचा, एक धबधबा, एक लांबच लांब तळं. पण मेलं तिथलं सगळं दोघांसाठी. पायाने मारायची बोट दोघांची. लाल टोपी माझ्याबरोबर बसला खरा, पण पूर्ण वेळ फोनवर बोलत होता आणि पाय मी एकटी मारत होते. बोट गोल गोल फिरली. मग रोपवे. त्याच्या खुर्च्या दोन-दोन जणांच्या. लाल टोपी तिकिटांच्या खिडकीशी हुज्जत घालत होता, म्हणून खुर्चीवाल्याने मला एकटीलाच बसवलं, माझ्याकडे बघितलं आणि शेजारी कोणाची तरी भली मोठी सॅक ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"तोल जातो, आजी," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूला वजन लागतं."

तर त्या सॅकच्या शेजारी बसून मी डोंगर चढले. खाली दरी, वर ढग, सगळे एकमेकांना "ते बघ, ते बघ" म्हणत होते. मलाही एक पांढऱ्या शेपटीचा पक्षी दिसला. सॅकला काय सांगणार, कप्पाळ?

तिसऱ्या दिवशी जंगलातली पायवाट होती. चढत जाऊन टेहळणीच्या मनोऱ्यापर्यंत आणि दुसऱ्या अंगाने उतरून परत त्याच फाटकाशी. फाटकापाशी एक लाकडी खोपटं आणि त्यात एक बाई. खाकी सदरा, गळ्यात शिट्टी, कपाळाला कायमची आठी. तिच्या मागच्या फळीवर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला एक पितळी बिल्ला. आत जाताना बिल्ला घ्यायचा, बाहेर आलं की आपल्या हाताने त्याच खिळ्याला परत अडकवायचा.

"जोडीला एक," ती यंत्रासारखी सांगत होती. "वाट सोडायची नाही, जनावरांना खायला घालायचं नाही, उजेड आहे तोवर परत यायचं. जोडीला एक. जोडीला एक."

माझा नंबर शेवटी आला. तिने माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"एकट्या?"

"माझी जोडी टोपी घालून पुढे गेलीय," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिने अठरा नंबरचा बिल्ला माझ्या हातात ठेवला आणि फळीकडे वळली. मी तो माझ्या स्वेटरच्या खिशात टाकला.

अर्धी वाट चढलो असू, तेवढ्यात लाल टोपीला फोन आला. हॉटेलात कुठलासा नळ फुटून खोल्यांमध्ये पाणी शिरलं होतं. तो तसाच मागे पळाला. पळता पळता ओरडला, "मी जीपने पुढे जातो! ड्रायव्हर जोडी बघून बस काढेल!" आणि माझ्या अंगावरून, अगदी खांद्याला खांदा घासून, खाली गेला.

मला विचारायचं होतं, अरे, मग माझा हात कोण धरणार? पण विचारलं नाही. एवढ्या माणसांत ते विचारायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटलं.

माझे गुडघे आपल्या मर्जीने चालतात. मी मनोऱ्याखाली पोचले तेव्हा मंडळी वरून बघून, फोटो काढून उतरतही होती. धाकटी विहीण म्हणाली, "जाऊन या हो, वर फार छान आहे!" आणि थोरलीचा हात धरून उतरायला लागली. मी जिने चढले. वर खरंच छान होतं. चारी बाजूंनी जंगल, खाली तळ्याची चकाकती पट्टी, तळ्याकाठाने जाणारा रस्ता आणि खाली फाटकाशी उभी आमची पांढरी बस, आगपेटीएवढी. मनोऱ्याच्या पायाशी मोकळं गवत होतं. तिथे एक हरिणी आली. मागून तिचं पाडस, पाय लटपटत. मी श्वास रोखून उभी राहिले. हरिणी चार पावलं चालायची, थांबायची, मान वळवून बघायची. पाडस आलं की पुन्हा चार पावलं.

बसचा हॉर्न वाजला तेव्हा ती दोघं पळाली. मी खाली बघितलं. माणसं मुंग्यांसारखी बसमध्ये चढत होती. ओरडले असते तर कदाचित ऐकू गेलं असतं. पण मला वाटलं, थांबतील ना. लक्षात येईल ना.

एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नाहीत, पण मी पैजेवर सांगते, ड्रायव्हरने विचारलं असणार, "जोडी?" आणि सगळे हात वर गेले असणार. आमच्यातले एक दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको, दोघी विहिणी, सगळे. कोणाचाच जोडीदार हरवला नव्हता. बस हलली, वळणावर गेली, तळ्याकाठाने धावत दिसेनाशी झाली.

आता खरी गोष्ट सांगते. माझ्याकडे फोन होता. मनोऱ्यावर रेंजही होती, इतकी की घरीसुद्धा नसते. लाल टोपीचा नंबर होता. एक बटण दाबलं असतं, बस परत आली असती, "अगं बाई! अहो मावशी!" झालं असतं, दोन दिवस चघळायला विषय झाला असता. पण माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, नाही करणार फोन. बघूच. एवढी सगळी माणसं, तीन दिवस एकत्र जेवतोय, माझ्या बोलण्यावर खिदळताहेत. त्यातल्या एकाच्या तरी लक्षात येतं का, की मागच्या सीटवर नुसती हवा बसलीय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझं. मी बाकावर बसले, फोन मांडीवर ठेवला आणि रस्त्याकडे डोळे लावले.

आधी वाटलं, तळ्याच्या टोकापर्यंत गेल्यावर वळेल. मग वाटलं, हॉटेलात उतरताना तरी कळेल. एक पांढरी गाडी वळणावर दिसली, मी उठून कठड्याशी गेले. ती कसली तरी दुधाची गाडी होती. मग फोन वाजला! इतक्या घाईने उचलला की हातातून पडायचा राहिला. गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. "तुम्हाला चालताना त्रास होतो का?" असं एक मंजुळ बाई विचारत होती. मी तिला म्हटलं, "चालताना नाही होत बाई, बसल्यावर होतो." ती आपली पुढे बोलतच राहिली.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. गार वारा सुटला. इतर चालणारेही केव्हाच उतरून गेले होते. जंगलात कोणी नाही म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा कळलं. झाडं काही वाईट नसतात, पण त्यांना तुमचं काही देणंघेणं नसतं. मला भीती वाटायला लागली, खोटं कशाला बोलू? आणि भीतीपेक्षा वाईट होतं ते दुसरंच. ताई असती तर तिने बसमध्ये हात वर केलाच नसता. ती ओरडली असती, "अहो थांबा, आमची भवानी कुठे राहिली?" अख्ख्या जगात माझी जागा रिकामी आहे हे बघणारं एकच माणूस होतं, आणि आता त्याचीच जागा रिकामी होती. मी तिथे बसून रडले. चांगली हुंदके देऊन रडले. ऐकायला कोण होतं?

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

आधी लांब, मग जवळ. मग जिन्यावर जड पावलं, आणि धापा टाकत ती फाटकवाली वर आली. तोंड लाल, कपाळावरची आठी आणखी खोल.

"अठरा नंबर तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"अहो, केव्हापासून शिट्ट्या मारतेय मी! कान आहेत का नाहीत? उजेड आहे तोवर परत यायचं, सांगितलं होतं ना? पडला-बिडलात का? पाय मुरगळला?"

"नाही."

"मग इथे काय अंडी उबवताय?"

मी डोळे पुसले. "तुम्हाला कसं कळलं, मी इथे आहे ते?"

"कसं म्हणजे? खिळा रिकामा आहे!" ती खेकसली. "सगळे बिल्ले आले, अठरा नाही आला. फळी भरल्याशिवाय मला फाटक लावता येत नाही. घराची किल्ली माझ्याकडे, सासरे दारात बसले असतील थंडीत. आणि तुम्ही इथे हवा खाताय."

मला काय झालं कोणास ठाऊक, मी पुन्हा रडायला लागले आणि रडता रडता हसायला लागले. ती घाबरली. तिला वाटलं असणार, म्हातारीचा स्क्रू ढिला आहे. तिने हातरुमाल काढून दिला, मग माझा दंड धरला आणि एकेक पायरी उतरवायला लागली. वाटभर कुरकुरत होती. बूट चावतो, साहेब नवी शिट्टी देत नाही, लोक बिल्ले खिशात घालून घरी घेऊन जातात आणि मग हिने रात्रभर जंगल पालथं घालायचं. पण दंड काही सोडला नाही. दगड आला की म्हणायची, "दगड." मूळ आलं की म्हणायची, "मूळ." मला इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही.

खोपट्याशी आल्यावर मी बिल्ला अडकवला. तिने फळीवर एक नजर टाकली आणि म्हणाली, "हुश्श. जीव भांड्यात पडला." मग स्कूटरवर मागे बसवून तिने मला हॉटेलच्या दारात सोडलं आणि भुर्रकन निघून गेली. सासरे दारात होते ना.

जेवणघरात सूप वाढत होते. मी आत गेले. मनात म्हटलं, आता धावतील. थोरली विहीण वर बघून म्हणाली, "या या. पडल्या होतात वाटतं जरा? बरं केलंत, आम्हीही पाठ टेकली." धाकटीने मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली. लाल टोपी ओल्या विजारीने इकडून तिकडे पळत होता. जाता जाता म्हणाला, "मावशी, उद्या तळ्यावर होडी, तुम्ही माझ्या जोडीला हं!"

मी तोंड उघडलं. हे बघा, माझ्यासारखीने तोंड उघडलं की काय काय बाहेर पडतं ते तुम्हाला आता माहीत आहे. सगळ्यांची हजेरी घेतली असती. माफी मागितली असती त्यांनी, वाईट माणसं नव्हती ती. पण सांगून लक्षात आणून द्यायचं, मग त्यात राहिलं काय? मी तोंड मिटलं आणि सूप प्यायले. गार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, मंडळी तळ्यावर निघाली. मी म्हटलं, गुडघा दुखतोय, मी थांबते. "अरेरे," सगळे म्हणाले. "जोडी?" "जोडी!" बस सुटली. मी स्वेटर घातला आणि चालत फाटकावर गेले.

"पुन्हा?" फाटकवाली म्हणाली. पण तिने आपण होऊन अठरा नंबर काढून दिला. "आज वेळेत या हां मावशी. कालच्यासारखं नका करू. मी वाट बघतेय."

हे ती रोज सगळ्यांनाच म्हणत असेल. म्हणू दे की. मी मनोऱ्यापर्यंत गेलेच नाही. पहिल्या वळणाच्या पलीकडे एक आडवं पडलेलं झाड होतं, त्यावर बसले. डबा खाल्ला. पक्षी बघितले. लोक येत-जात होते. मी मधूनमधून खिशात हात घालून बिल्ला चाचपत होते. आपण जंगलात आहोत आणि तिकडे फळीवर आपली जागा मोकळी आहे, आपण जाईपर्यंत कोणी कडी लावणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी अख्खा दिवस काढला. त्या चार दिवसांतला तोच एक दिवस मला एकटं वाटलं नाही.

ऊन उतरायला लागल्यावर उठले. वळणावर येऊन बघते तर ती खोपट्याबाहेर उभी, कपाळावर हात आडवा धरून वाटेकडे बघत. मी दिसताच तिचा हात खाली आला.

"आलात! चला, तुमचाच राहिलाय." ती आत गेली, किल्ल्या उचलल्या, सदऱ्यावर जाकीट चढवलं. "उद्या कधी येताय?"

"उद्या नाही. सकाळी बस परत जाते आमची."

"हो का? बरं मग, नीट जा." आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

फळी भरलेली होती. सगळे बिल्ले आपापल्या जागी, फक्त एक खिळा उघडा. मी बिल्ला हातात धरून उभी होते. दिवसभर खिशात राहून तो ऊबदार झाला होता. हा इथे अडकवला की झालं. मग मी कुठेही असले, घरी पोचले, नाही पोचले, कोणाचं फाटक अडायचं नव्हतं.

"मावशी," फाटकवाली म्हणाली. आवाज कालच्यासारखा नव्हता, जरा मऊ होता. "अडकवा ना. त्याशिवाय मला घरी जाता येत नाही."

"हो गं बाई," मी म्हटलं. "येतेच आहे."

आणि अडकवला.